मीटर कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, या आठवड्यात वाळवणे आणि साठवणीचे मसाले बाजूला ठेवून चक्क कायद्याविषयी लिहिणार आहे. थांबा, लगेच पान उलटू नका! कायदा म्हटले की आपल्याला कोर्टकचेरी, वकील आणि तारखा आठवतात. पण मी सांगते आहे तो कायदा तुमच्या-माझ्या फ्रिजच्या दारावर चिकटलेला आहे. आमच्या घरात तर गेले तीन महिने त्याच्यामुळे बरीच उलथापालथ झाली.

त्याचे असे झाले. मी इथे कळमनुरीला एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. आठवीच्या नागरिकशास्त्रात संसद कायदा कसा करते, हा पाठ आहे. नुसते पुस्तक वाचून दाखवले की मुले जांभया देतात, म्हणून मी एक खरे विधेयक उदाहरणाला घेतले. ऊर्जा संवर्धन सुधारणा विधेयक. ३ ऑगस्ट २०२२ ला ते लोकसभेत मांडले गेले, ८ ऑगस्टला तिथे संमत झाले, १२ डिसेंबरला राज्यसभेने संमती दिली, पुढे राष्ट्रपतींची सही झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून कायदा लागू झाला. फळ्यावर बाण काढून सगळे कसे छान समजावले. आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, त्या कायद्यानं आमच्या घरातलं काय बदललं?"

खरे सांगते, मला उत्तर सुचले नाही. तास संपल्याची घंटा झाली म्हणून वाचले. पण प्रश्न काही पाठ सोडीना.

संध्याकाळी कुकर लावताना हेच डोक्यात घोळत होते. सासूबाई शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना म्हटले, "आई, तेल-गॅस वाचवण्यासाठी सरकारनं कायदा केलाय, तुम्हाला काय वाटतं?" तर हसून म्हणाल्या, "अगं, आमच्या लहानपणी कायदा नव्हता तरी वाचवतच होतो. रॉकेल मिळतच नव्हतं ना!" रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून नंबर लावायचा आणि घरी येऊन पाणी भरायचे, मग पुन्हा डब्याजवळ जायचे. डबा कुणी पुढे-मागे सरकवला की भांडणे. परकर-पोलक्यातल्या त्या दिवसांची गोष्ट त्यांनी मला रंगवून सांगितली.

ती रांग काही उगीच लागली नव्हती. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत अकरा डॉलरच्या वर गेला. युद्ध कुठे आणि चटका कुठे! मग आपल्याकडेही धावाधाव झाली. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा शेल या परदेशी कंपन्यांचा इथला कारभार संसदेने कायदे करून ताब्यात घेतला. आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या त्यातूनच उभ्या राहिल्या. १९७४ मध्येच मुंबईच्या समुद्रात मुंबई हायला तेल लागले आणि १९७६ पासून ते बाहेर येऊ लागले. आता आपली ददात मिटली, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल.

पण आपला संसार वाढत गेला. घरोघरी स्कूटर आली, गॅस आला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि दहा कोटींहून अधिक जोडण्या गरीब घरांतल्या बायकांच्या नावावर मिळाल्या. तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुराने डोळे चोळणाऱ्या कितीतरी जणींची त्यातून सुटका झाली, ही गोष्ट चांगलीच झाली. मात्र आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येते. स्वयंपाकाचा गॅसही निम्म्याहून अधिक आयात होतो, आणि तो मुख्यतः आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. म्हणजे तिकडे कुणाचे भांडण जुंपले की इकडे आपल्या शेगडीवर संक्रांत. सासूबाईंच्या रॉकेलच्या डब्यापासून आपल्या सिलिंडरपर्यंत भांडे बदलले, टांगती तलवार तीच राहिली.

यावर उपाय दोनच. आहे ते जपून वापरायचे आणि तेल-कोळशाखेरीज दुसरी ऊर्जा शोधायची. या दोन्हींसाठी संसदेने कायदे केले आहेत, ते जरा समजून घेऊ.

पहिला २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा. तो १ मार्च २००२ पासून लागू झाला आणि त्याच्या अंमलासाठी ऊर्जा दक्षता ब्यूरो नावाचे कार्यालय स्थापन झाले. फ्रिजवर, एसीवर तारे असलेले जे लेबल दिसते ते याच कार्यालयाचे. २००६ मध्ये लेबल सुरू झाले तेव्हा ते कंपन्यांच्या मर्जीवर होते. २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी अशा काही वस्तूंना ते सक्तीचे झाले. छताच्या पंख्यांना ही सक्ती २०२३ पासून आली.

यातली मेख लक्षात घ्या. "वीज वाचवा, दिवे बंद करा" असा उपदेश आपल्याला जन्मभर ऐकवला गेला. दिवा बंद करायची जबाबदारी बाईची, पण वीज खाणारा पंखा बनवणाऱ्याला कुणी विचारत नव्हते. या कायद्याने पहिल्यांदा बनवणाऱ्याला सांगितले की, तुझी वस्तू किती वीज खाते ते तिच्या तोंडावर लिही. दुकानात गेल्यावर आपण रंग पाहतो, दार उघडून कप्पे पाहतो. यापुढे लेबल वाचा. तिथे वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो. नुसते तारे मोजू नका, कारण तारे देण्याचे निकष काही वर्षांनी कडक होतात. जुन्या लेबलावरचे पाच तारे आज तीनच भरतील. म्हणून लेबल कोणत्या वर्षांचे आहे तेही पाहा.

एक साधा हिशेब सांगते. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. नवा, कमी विजेवर चालणारा पंखा ३० वॅटच्या आसपास. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंखा दिवसाचे पंधरा तास तरी फिरतोच. जुन्याला रोज सव्वा युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते, नव्याला अर्ध्या युनिटपेक्षा कमी. महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात. घरात चार पंखे असतील तर ऐंशी! नवा पंखा महाग असतो हे खरे, म्हणून सगळे एकदम बदलायला मी सांगत नाही. ज्याच्याखाली घर रात्रभर झोपते तो आधी बदला.

आता वर्गात शिकवलेली २०२२ ची सुधारणा. तिच्यात मोठ्या कारखान्यांसारख्या ग्राहकांना ठरावीक वाटा कोळसा-तेलाखेरीज दुसऱ्या ऊर्जेचा वापरायला लावण्याची तरतूद आहे. कार्बन कमी सोडणाऱ्याला त्याची पत विकता येईल, अशीही सोय आहे. शंभर किलोवॅट किंवा त्याहून जास्त वीजभार असलेल्या मोठ्या निवासी इमारती ऊर्जाबचतीच्या नियमांखाली आल्या. आमच्या कळमनुरीत एवढे टोलेजंग काही नाही. आमच्याकडे पत्र्याची नाही तर स्लॅबची घरे आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया.

पण गच्ची म्हटले की दुसरा कायदा आठवतो, २००३ चा वीज कायदा. त्याच्या ८६ व्या कलमाने राज्याच्या वीज नियामक आयोगावर एक काम सोपवले आहे. सूर्य, वारा यांसारख्या स्रोतांपासूनच्या विजेला उत्तेजन द्यायचे आणि वीज कंपन्यांनी अशी वीज किती टक्के घ्यायची ते ठरवून द्यायचे. आपल्या गच्चीवरच्या पॅनेलची जादा वीज तारेत सोडून बिलातून वळती करून घेता येते, ती या आयोगाच्या नियमांमुळे.

आता तुम्ही म्हणाल, मग देश सगळा सूर्यावर चालायला लागला का? तर नाही. २०२५ मध्ये देशातली निम्मी वीजनिर्मितीची क्षमता कोळसा-तेलाखेरीज दुसऱ्या स्रोतांची झाली, ही मोठीच मजल आहे. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. घरात चार पातेली असली म्हणून चारही रोज भरतात का? रात्री सूर्य नसतो, आणि प्रत्यक्ष वीज अजून पाऊणएक कोळशाचीच आहे. त्या कोळशाच्या विजेला पाणीही लागते. आपल्या परळीचे वीजकेंद्र २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले होते. मराठवाड्याच्या बाईला उन्हाचे आणि पाण्याचे मोल कुणी वेगळे सांगायला नको.

म्हणून आम्हीही घरात विषय काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला तीस हजार रुपये अनुदान, तिसऱ्या किलोवॅटला अठरा हजार, म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. आमचे बिल महिन्याला दीडशे युनिटच्या आसपास. दोन किलोवॅट पुरे, असा हिशेब मी वहीत मांडला. ह्यांनाही पटला.

मग अर्ज भरायला बसलो आणि अडलो. अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याने करायचा, अनुदान त्याच्या खात्यात. आमचे मीटर आमच्या मामंजींच्या नावावर. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. बिल मात्र दर महिन्याला त्यांच्याच नावाने येते, आम्ही मुकाट्याने भरतो, आणि कुणाच्या मनातही आले नव्हते की हे नाव बदलावे.

हे म्हणाले, "माझ्या नावावर करून घेतो, त्यात काय?" नांदेडला भाऊजींना फोन केला, त्यांचीही ना नव्हती. पण सासूबाई काही बोलेनात. दोन दिवस तो कागद देवघराच्या फळीवर तसाच पडून. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी असताना म्हणाल्या, "तेवढंच एक पत्र येतं गं त्यांच्या नावानं घरी. तेही बंद करायचं का?"

मैत्रिणींनो, माझ्या हातातली वही खाली आली. मी युनिटचा हिशेब केला होता, अनुदानाचा केला होता. हा हिशेब माझ्या वहीत कुठेच नव्हता. त्या दिवशी मी विषयच बंद केला.

पण मनात दुसरेच सुरू झाले. या घरात चाळीस वर्षे चूल पेटवली कुणी? रॉकेलच्या रांगेत उभे कोण राहिले, बंबात तुराट्या कुणी सारल्या? सिलिंडर किती दिवस पुरला ते कालनिर्णयाच्या पानावर कोण लिहून ठेवते? सगळे सासूबाई. आणि घरातल्या एकाही जोडणीवर त्यांचे नाव नाही. गॅसचे पुस्तक ह्यांच्या नावे, मीटर मामंजींच्या नावे.

त्याच आठवड्यात माहेरी वसमतकडे जाणे झाले. तिथे हळदीला पाणी द्यायला भावाने सौर पंप बसवला आहे. २०१९ पासून कुसुम योजनेत असे पंप मिळू लागले. आपल्या राज्यात शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. डिझेलचा खर्च गेला. पूर्वी रात्रीची लाईट आली की दादा अंधारात बॅटरी घेऊन शेतात जायचा आणि साप-विंचवाच्या धास्तीने वहिनी जागी राहायची. मी म्हटले, "वहिनी, सुटलीस!" तर हसून म्हणते, "हो ना! सातबारा दादांच्या नावावर, पंप दादांच्या नावावर, झोप तेवढी माझ्या नावावर झाली." गमतीत बोलली, पण मला बोचले.

परत आल्यावर मी ह्यांना म्हटले, "मीटर आईंच्या नावावर करू या." हे जरा चपापले. "आईला फोनवरचं काही कळतं का? सह्या, बँक, कोण करणार?" मी म्हटले, "कागद मी करते. सही त्या करतील. मराठी चौथी शिकलेल्या आहेत, अंगठा नाही लावायच्या."

सासूबाईंना विचारले तर आधी नकोच म्हणाल्या. "मी आज आहे, उद्या नाही." मग मी मामंजींच्या नावाचे शेवटचे बिल त्यांच्या हातात दिले आणि म्हटले, "हे तुमच्याजवळ ठेवा. पुढचं तुमच्या नावानं येऊ दे. घर तर त्यांचंच आहे." बराच वेळ बिलाकडे पाहत बसल्या. मग चष्मा मागितला आणि सही केली. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, भाऊजींची सही, असे सगळे जुळवून अर्ज महावितरणकडे दिला. मागच्या महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या नावाचे बिल आले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "एवढं आलं? त्या मधल्या खोलीतला पंखा कोण चालू ठेवतं गं?" झाले! आता घरात कुणाची बिशाद आहे पंखा चालू ठेवून उठायची.

पॅनेल अजून बसलेले नाहीत. गच्चीवर शेवग्याच्या झाडाची सावली येते, ती दुपारी किती पडते ते आधी पाहायचे आहे. पण अर्ज आता सासूबाईंच्या नावाने होईल, आणि अनुदान आले तर त्यांच्या खात्यात येईल.

तुम्हीही विचार करत असाल तर माझ्या वहीतल्या चार गोष्टी सांगून ठेवते.

घरातले चार कागद एकदा काढून बघा: वीजबिल, गॅसचे पुस्तक, घराचा उतारा आणि बँकेचे पासबुक. कुणाचे नाव कुठे आहे ते लिहून काढा. गेलेल्या माणसाचे नाव असेल तर बदलून घ्या, गरज पडेपर्यंत थांबू नका. आणि बदलताना 'कुणाच्या नावावर?' हा प्रश्न घरात मोठ्याने विचारा.

बारा महिन्यांची बिले समोर ठेवून मगच पॅनेल किती ते ठरवा. विकणाऱ्याच्या सांगण्यावरून मोठे घेऊ नका. बॅटरी नसलेले साधे पॅनेल लाईट गेली की बंद पडते, कारण तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये. पॅनेल बसवले म्हणजे भारनियमन संपले, असे समजून फसू नका. बिलातला स्थिर आकारही भरावाच लागतो. आणि धूळ बसली की वीज कमी मिळते, तेव्हा पुसायचे काम कुणाचे तेही आधीच ठरवा, नाहीतर ते आपल्याच गळ्यात पडेल.

विजेची शेगडी घेणार असाल तर आधी वायरिंग तपासा. ती दोन हजार वॅटपर्यंत वीज ओढते, म्हणून जाड वायर, मोठा प्लग आणि नीट अर्थिंग हवे. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर ते भांडे इंडक्शनवर चालते. भाकरीचा तवा मात्र मी अजून गॅसवरच ठेवला आहे. भाकरी फुगायला जाळ लागतो.

आणि गॅस आहे तोवर तो जपा. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, उकळी आली की आच बारीक करा, पातेल्यावर झाकण ठेवा. बर्नरची ज्योत पिवळी दिसू लागली तर तो साफ करून घ्या.

त्या मुलीला मी उत्तर दिले का? दिले. पुढच्या तासाला वर्गाला गृहपाठ दिला: घरचे वीजबिल बघून या आणि त्यावर कुणाचे नाव आहे, किती युनिट आले, ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा. बायकांच्या रकान्यात तीनच नावे पडली. वर्ग गप्प झाला. मग ती मुलगी म्हणाली, "बाई, कायदा तर आलाय, पण आमच्या आईपर्यंत नाही आला."

विधेयक कायदा कसा होतो, ते मी आठवीला शिकवते. कायदा आईपर्यंत कसा पोचतो, ते पुस्तकात नाही. ते आपल्यालाच करायचे आहे. तुमच्या घरच्या बिलावर कुणाचे नाव आहे? बघा आणि मला जरूर कळवा.